गाणें कोणाचें आणि गल्ला कोणाचा?

जात्यावर बसलें म्हणजे ओवी सुचते, असें आपल्यांत म्हणतात. पण ओवी कोणाला सुचली, तिनें ती कोणत्या गांवीं गाइली, पुढें ती कोणीं उचलली, तबकडीवर कोणीं चढविली आणि तिचे पैसे कोणाच्या पेटींत पडले, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. लासलगांवच्या बाजारांत कांद्याची गाडी नेली, तर शेतकऱ्याच्या हातांत निदान एक हिशेबपट्टी पडते. तींत वजन असतें, भाव असतो, हमाली-तोलाई असते आणि मालधन्याचें नांव असतें. भाव पडला तर त्या पट्टीवर बोट ठेवून त्याला भांडतां तरी येतें. गाण्याची अशी पट्टी आमच्या हातांत कधींच पडली नाहीं. म्हणून गाण्याबाबत आम्हांस भांडतांही येत नाहीं.

कोणी म्हणेल, कांद्याचा भाव, पाण्याची पाळी, सोसायटीचें कर्ज, पोरांची फी हे विषय टाकून गाण्याबजावण्यावर रकाने कशाला भरतां? उत्तर सोपें आहे. गाणें हाही आमच्या घरचा माल आहे. तो बाजारांत जातो, विकला जातो, त्यावर पेढ्या उभ्या राहतात. आणि मालक मात्र 'आम्हांस गाणें येतें' एवढ्याच समाधानावर राहतो. ज्या मालाचा हिशेब मालकाला ठाऊक नाहीं, तो माल फार दिवस त्याचा राहत नाहीं. मग तो कांदा असो कीं ओवी असो.

विलायतेंत ह्या हिशेबाचें आतां रीतसर शास्त्र झालें आहे. बाजारांत खपणाऱ्या, रस्त्यावर वाजणाऱ्या, कामकऱ्यांच्या वस्तींत जन्मणाऱ्या गाण्याचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांनीं १९८१ सालीं आपली एक आंतरराष्ट्रीय संस्था काढली. १९८८ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल विद्यापीठानें ह्या अभ्यासासाठीं एक स्वतंत्र संस्था उघडली. लिव्हरपूल हें गोदीकामगारांचें शहर; बीटल्स ह्या नांवानें जगभर गाजलेलीं चार पोरें तेथलींच. हे विद्वान सूर कसा लागला एवढेंच पाहत नाहींत. गाणें कोणीं रचलें, कोणीं गाइलें, यंत्र कोणाचें होतें, करारावर सही कोणाची झाली, दुकान कोणाचें आणि नफा कोणाचा, हेंही ते विचारतात. असले प्रश्न विचारणें पूर्वीं विद्वानांस कमीपणाचें वाटे. आतां त्यांवर पदव्या मिळतात.

आमच्याकडे संगीताचें शास्त्र झालें तें निराळ्या वाटेनें. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं गांवोगांव फिरून उस्तादांकडच्या चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपींत लिहिल्या आणि छापल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि पुढें १९२२ सालीं आमच्या नाशकास रामनाम आधार आश्रम स्थापिला. हें काम लहान नव्हे. दरबारांत कोंडलेलें गाणें त्यांनीं शाळेंत आणलें, त्याला इयत्ता दिल्या, परीक्षा दिल्या, छापील पुस्तक दिलें. पण त्या चौकटींत बसलें तें रागदारीचें गाणें. ज्या नाशकांत तो आश्रम उभा राहिला, त्याच नाशकाच्या चहूंकडच्या खेड्यांत जात्याची ओवी होती, मोटेवरचें गाणें होतें, कापणीची भलरी होती, वाघ्या-मुरळीचें जागरण होतें, गोंधळ्याचा संबळ होता. त्यांना ना इयत्ता मिळाली, ना परीक्षा. आणि रागदारी तरी ज्यांच्याकडून घेतली, त्यांचें काय झालें? जानकी बखले या विदुषींनीं २००५ सालीं ह्याच दोन पंडितांवर इंग्रजींत एक ग्रंथ लिहिला. संगीताला राष्ट्राचें शास्त्र बनवितां बनवितां ज्या मुसलमान उस्तादांनीं तें पिढ्यान् पिढ्या सांभाळलें, तेच कसे कडेला सारले गेले, हें त्यांनीं त्यांत दाखविलें आहे. शास्त्र लिहिणाऱ्याच्या हातांत लेखणी असते. कोणाचें नांव लिहावयाचें आणि कोणाचें गाळावयाचें, हें तीच ठरविते.

आमच्या वडीलधाऱ्यांना हें फार लवकर उमगलें होतें. जोतीराव फुले यांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांचा पोवाडा स्वतः रचून छापला. शेतकऱ्याच्या राजाची कथा शेतकऱ्याला समजेल अशा गाण्यांत सांगावयाची, आणि ती दुसऱ्यावर न सोपवतां आपल्या नांवानें सांगावयाची, हा त्यांतला मुद्दा होता. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला आणि पुढें त्या विचाराचे जलसे गांवोगांव फिरूं लागले. जलशानें तमाशाचाच ओळखीचा सांचा घेतला. तोच गण, तेच सवाल-जबाब, तोच वग. त्यांत भरलें मात्र शाळेचें महत्त्व, सावकाराचें व्याज, खर्चिक लग्नें आणि भिक्षुकी. ज्याला वाचतां येत नव्हतें, त्याचें वर्तमानपत्र म्हणजे जलसा.

ह्या कामांत आमचा जिल्हा मागें नव्हता. १९३० च्या २ मार्चला नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच दशकांत आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांतले एक अग्रणी भीमराव कर्डक हे नाशिक जिल्ह्याचेच. त्यांचें मोठेपण आम्हांस दोन गोष्टींत दिसतें. एक, त्यांनीं जलसा केला. दुसरी, आणि आजच्या विषयाला तीच अधिक लागू, त्यांनीं आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिलें. कोणी परका अभ्यासक येईल आणि आमचें लिहून ठेवील, अशी वाट पाहत ते बसले नाहींत. आज विद्यापीठांत ह्या विषयावर काम करणाऱ्याला त्यांचें पुस्तक उघडावेंच लागतें.

दुसरे वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यांतलें देशवंडी गांव. मृत्यु १५ मे २००४. अक्षरओळख मोठेपणीं झाली. पण पुढें गीतांचा असा पाऊस पाडला कीं मोजतां मोजतां माणूस दमावा. दरवर्षीं १४ एप्रिलला महाराष्ट्राच्या कोणत्याही वस्तींत जा, वामनदादांचें एखादें गीत कानांवर पडल्याशिवाय राहत नाहीं. पण तें गाणाऱ्या पोराला विचारा, 'बाबा रे, हें लिहिलें कोणीं?' दहांतले कितीजण नांव सांगतील? आणि ज्या कॅसेटवरून तें गाणें त्या पोराच्या घरीं आलें, त्या कॅसेटच्या विक्रीचा वांटा देशवंडीपर्यंत किती पोंचला, हें तर विचारूंच नये.

आतां गाणें यंत्रावर कसें चढलें तें पाहूं. १९०२ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा माणूस कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान इत्यादि कलावंतांचीं गाणीं मेणाच्या पाटीवर घेतलीं. ते ठसे जर्मनींतील हॅनोवर शहरीं जात. तेथें त्यांच्या तबकड्या होत आणि त्या येथें विकावयास येत. आमचा कापूस मँचेस्टरास जावा आणि कापड होऊन आम्हांसच विकला जावा, तशीच ही तऱ्हा. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला, पण पेढी तीच राहिली. आणि पुढें कित्येक दशकें तबकडीचा बाजार मुख्यत्वें त्या एकाच पेढीच्या मुठींत होता. कोणत्या भाषेचें, कोणत्या वस्तीचें गाणें तबकडीवर घ्यावयाचें, हें ती ठरवी. भारुड, अहिराणी गाणें, भीमगीत यांना तेथें सहसा जागा कोठून असणार?

ती मूठ कॅसेटनें सैल केली. अमेरिकेंतील पीटर मॅन्युएल यांनीं १९९३ सालीं उत्तर हिंदुस्थानांतल्या कॅसेटच्या धंद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष आमच्या माणसांना समजण्यासारखा आहे. कॅसेट काढावयास भांडवल थोडें लागे. म्हणून १९८० नंतर लहान लहान शहरांतून शेंकडों नवे दुकानदार ह्या धंद्यांत उतरले, आणि सिनेमाच्या गाण्याखालीं दबलेल्या बोलीभाषांना बाजार मिळाला. आपल्याकडेही तेंच झालें. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप ह्यांचे आवाज एस. टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोंचले. बागलाण-कळवणाकडे अहिराणी गाणीं वाजूं लागलीं. हा लाभ खोटा नव्हे. पण बाजार रुंद झाला म्हणून वांटा रुंद झाला, असें मात्र नाहीं. गायकाला बहुधा एकदांच एकरकमी बिदागी मिळे, गीतकाराला त्याहून कमी, आणि ढोलकीवाल्याला जेवण व गाडीभाडें. कॅसेट दहा हजार खपो कीं लाख खपो, त्याच्या पदरांत पडावयाचें तें पहिल्याच दिवशीं पडलेलें असे. वर चोरट्या नकला निघत त्या निराळ्याच.

आतां तर कॅसेटही गेली आणि गाणें मोबाइलवर आलें. खेड्यांतला पोरगा घरीं बसून गाणें काढतो आणि यूट्यूबवर टाकतो. दुकानदाराचीही गरज उरली नाहीं असें वाटतें. पण येथेंही एक मेख आहे. ह्या बाजारांत यंत्रच गाण्याचा ठसा ओळखतें, आणि ज्यानें तो ठसा आधीं आपल्या नांवानें नोंदविला त्याच्याकडे पैसे वळवितें. गाणें गांवाचें, ओवी आजीची. पण शहरांतल्या एखाद्या पेढीनें तिचें मुद्रण नोंदवून ठेविलें आणि तेंच कोणी पुन्हां वाजविलें, तर पैसा नोंदणाऱ्याकडे जातो. पूर्वीं जमिनीच्या सात-बाऱ्यावर नांव नसलें म्हणजे कसणारा उपरा ठरे. गाण्याच्या सात-बाऱ्याची गत आज तशीच आहे.

त्या सात-बाऱ्यावर कसणाऱ्याच्या रकान्यांत बहुतेक वेळां एकच शब्द आढळतो, तो म्हणजे 'पारंपरिक'. तबकडीवर, कॅसेटच्या कागदावर, सिनेमाच्या पाटीवर गीतकाराच्या जागीं 'पारंपरिक' असें छापलें कीं काम भागलें. शब्द मोठा सोज्वळ आहे. पण त्याचा व्यवहारांतला अर्थ असा कीं, येथें कोणाला पैसे द्यावयाचे नाहींत. परंपरा काय आपोआप गाते? परंपरेला काय गळा असतो? कोणीतरी बाई पहाटे तीन वाजतां उठली, पायलीभर दाणे घेऊन जात्याशीं बसली, आणि सासुरवासाचें, माहेराचें, मेलेल्या लेंकराचें दुःख तिनें दोन ओळींत बसविलें. तिला नांव होतें. तें लिहिलें नाहीं, एवढेंच.

हें नांव लिहितां येतें, आणि लिहिल्यानें गाण्याचें कांहीं बिघडत नाहीं, ह्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रांत आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटेव्हिन ह्या दोघांनीं १९८० नंतरच्या काळांत खेड्यापाड्यांतल्या बायकांबरोबर बसून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. पुढें बर्नार्ड बेल यांच्या मदतीनें त्या मुद्रितही केल्या. एक हजाराहून अधिक गांवें, तीन हजारांहून अधिक बाया आणि लाखाहून अधिक ओव्या, एवढें हें भांडार आहे. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ही संस्था तें मोबाइलवर कोणालाही फुकट पाहतां-ऐकतां येईल असें मांडीत आहे. त्यांत गाणारणीचें नांव आहे, गांव आहे, तालुका आहे, तिच्या धंद्याचीही नोंद आहे. म्हणजे 'पारंपरिक' ह्या एका शब्दाखालीं गाडलेल्या तीन हजार बाया तेथें नांवानिशीं उभ्या राहिल्या. संशोधन म्हणावें तें ह्याला.

आतां थोडें कडू बोलणें भाग आहे. आम्ही सुधारणेचें नांव घेणारे लोक तमाशाकडे नाक मुरडूनच पाहत आलों. त्याला कारणें होतीं. बायकांचे हाल डोळ्यांआड करण्यासारखे नव्हते. पण नाक मुरडतांना आपण कलेचा विटाळ मानतों कीं ती कला ज्यांच्या माथीं मारली त्या जातींतल्या बायकांचा, हें तपासून पाहिलें पाहिजे. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनीं लावणीवर लिहितांना दाखविलें कीं, लावणी सिनेमांत गेली, सभ्य लोकांच्या रंगमंचावर गेली, राज्याची शोभा ठरली. पण जी जात ती गात-नाचत आली तिच्या बायकांवरचा डाग तसाच ठेवला गेला. येरवड्याच्या वस्तींत वाढलेल्या शैलजा पाइक यांनीं २०२२ सालीं तमाशांतल्या दलित स्त्रियांवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि २०२४ सालीं अमेरिकेंतील मॅकआर्थर हा मोठा सन्मान त्यांना मिळाला. 'अश्लील' हा शिक्का कोण कोणावर मारतो आणि त्यांतून कोणाचा मान वाढतो, हा त्यांचा प्रश्न आहे. विठाबाई नारायणगांवकर यांना राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला, आणि २००२ सालीं त्या गेल्या तेव्हां हलाखी काहीं सुटली नव्हती. पदकानें दवाखान्याचें बिल भागत नाहीं. तमाशाची लावणी सिनेमांत घेऊन ज्यांनीं पेट्या भरल्या, त्यांच्या घरीं असा प्रसंग क्वचितच आला असेल.

आपल्या जिल्ह्याचा आणखी एक माल पाहा. 'नाशिक ढोल' हें नांव आज नाशिकपुरतें राहिलें नाहीं. पार केरळांत मिरवणुकींतून 'नासिक ढोल' ह्याच नांवानें पथकें वाजतात. येवल्याची पैठणी म्हटलें कीं येवल्याच्या विणकराचें नांव निघतें, त्याच्या मालाला कायद्याची ओळखही मिळाली आहे. ढोलाचें तसें नाहीं. ढोल कोणत्या गांवांतून निघाला, त्याचीं टिपरूं धरण्याची रीत कोणत्या आळींत बसली, पूर्वींचें लाकूड-चामडें जाऊन पत्रा आणि प्लॅस्टिकचें पान कधीं आलें, त्यानें चामडें कमावणाऱ्या नि ढोल मढविणाऱ्या घरांचा धंदा किती बुडाला, आणि आतां डीजेच्या भिंतीपुढें वाजविणाऱ्या पोरांची सुपारी किती घटली, ह्या एकेका प्रश्नावर एकेक प्रबंध होईल. विलायतेंतल्या गिटारीवर ग्रंथांचीं कपाटें भरलीं आहेत. आमच्या ढोलावर नाशिकच्या पोरांनींच लिहावयाचें नाहीं तर कोणीं लिहावयाचें?

ह्या सर्वांत कायदा काय म्हणतो, तें प्रत्येक गाणाऱ्या-वाजविणाऱ्या घरानें नीट ऐकून ठेवावें. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. गीत रचणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातींत असतो व मृत्यूनंतर आणखी ६० वर्षें वारसांकडे चालतो. त्यासाठीं कोठें नोंद केलीच पाहिजे असें नाहीं. रचना लिहून वा मुद्रित करून ठेविली कीं हक्क जन्मतो. म्हणून तारीख घालून वहींत लिहून ठेवणें हें निम्मे काम आहे. गाणें जुनें, मालकी कोणाचीच नाहीं असें असलें, तरी तें ज्यानें गाइलें किंवा वाजविलें त्याचा स्वतःच्या गाण्या-वाजविण्यावर हक्क आहे, आणि तो ५० वर्षें टिकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी व सहीनेंच द्यावा लागतो. तोंडी बोलणें चालत नाहीं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांचीच धरतात. मुलूख लिहिला नसेल तर हिंदुस्थानापुरताच धरतात. पूर्वीं सिनेमाच्या गाण्याचा सारा मलिदा निर्मात्याकडे जाई; १९७७ सालीं सुप्रीम कोर्टाचा निकालही तसाच झाला होता. २०१२ सालीं कायदा सुधारला, आणि गीतकार-संगीतकारांनीं आपला रॉयल्टीचा वांटा पेढीला लिहून दिला तरी तो कागद चालणार नाहीं, असें ठरलें. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यालाही धंद्यासाठीं झालेल्या वापराचा मोबदला मागण्याचा हक्क तेव्हांच स्पष्ट झाला. पण कायदा कपाटांत असतो आणि अंगठा कोऱ्या कागदावर असतो. सावकाराच्या वहीवर न वाचतां अंगठा केल्यानें आपल्या आज्यांच्या जमिनी गेल्या. गाण्याच्या करारावर तसाच अंगठा करणारा नातू शिकलेला म्हणावा काय?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. गाणें हें नदीच्या पाण्यासारखें आहे. त्याला बांध घातला, नांवें घातलीं, पैसे मागितले, तर तें आटेल. आपल्या पूर्वजांनीं कधीं नांवाचा हव्यास धरला नाहीं, असें सज्जन लोक म्हणतात. पहिल्या भागाशीं आम्ही सहमत आहों. आजीची ओवी शेजारणीनें गाइली तर कोणी पैसे मागूं नयेत. त्यानेंच ती जगली. पण नदीवर पंप बसवून कोणी बाटलींतलें पाणी विकूं लागला, तर कांठच्या गांवानें हिशेब मागणें हा हव्यास नव्हे. आणि पूर्वजांनीं नांव धरलें नाहीं, हें तर खरेंच नाहीं. नामदेव शिंपी, चोखोबा, सांवता माळी, तुकोबा ह्या सर्वांनीं अभंगाच्या शेवटीं आपलें नांव गोंविलें. शाहीर लावणीच्या अखेरीस आपलें आणि गुरूचें नांव घेतो. ज्यांना ग्रंथांत कोणी जागा देत नव्हतें, त्यांनीं आपलें नांव गाण्यांतच शिवून ठेविलें, म्हणून शेंकडों वर्षांनींही तें आपल्यापर्यंत पोंचलें. नांव घालणें ही आमचीच रीत आहे. तें गाळणें ही बाजाराची.

दुसरा आक्षेप आपल्याच घरांतून येतो: संशोधनानें पोट भरतें काय? ज्याच्यावर संशोधन होतें त्याचें अजून भरलें नाहीं, हें कबूल. टेप घेऊन कोणी पदवीधर येतो, आजीला चार दिवस गाववितो, फोटो काढतो, जातो. पुढें तो प्रबंध इंग्रजींत छापून कोठल्या कपाटांत बसतो हें आजीला कळतही नाहीं. हें बदललें पाहिजे. जो आमचें गाणें टिपावयास येईल, त्याच्यापुढें घरच्या माणसांनीं तीन अटी ठेवाव्या. गाणारीचें नांव तिच्या मर्जीप्रमाणें छापावें. मुद्रणाची एक प्रत तिच्या घरीं व एक गांवच्या शाळेंत द्यावी. आणि जें निष्पन्न झालें तें दहा-वीस पानांत मराठींत लिहून गांवांत वाचून दाखवावें. ह्या अटी कडक नाहींत. गुरें चारावयास घेतलीं तरी गुराखी संध्याकाळीं परत आणून बांधतो.

विद्यापीठांकडेही मागणें आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें तें नाशकासच, आणि तें मुख्यतः ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांच्यासाठीं. जिल्ह्याच्या गाण्याचा दप्तरखाना उघडावयास ह्याहून योग्य घर कोणतें? सावित्रीबाई फुले यांचें नांव ज्या पुणें विद्यापीठानें २०१४ सालीं घेतलें, त्यानेंही आमच्या कॉलेजांतल्या पोरापोरींना आपापल्या तालुक्याच्या गाण्यावर आणि गाण्याच्या धंद्यावर मराठींत प्रबंध लिहूं द्यावे. नाशकाचें सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालत आलें आहे. तेथें एक कपाट ह्या दप्तरासाठीं राखून ठेवणें अशक्य नाहीं.

पण सरकार करील, विद्यापीठ करील म्हणून हातावर हात ठेवून बसूं नये. भीमराव कर्डक बसले नव्हते. नाशिक जिल्ह्याला पंधरा तालुके आहेत. सुरगाणा-पेठेकडे कोकणा आणि वारली लोकांची पावरी व तारपा अजून वाजतो, रात्र रात्र कथा चालते. निफाड-सिन्नरकडे जात्याच्या ओव्या ज्यांना येतात त्या आज्या आतां सत्तरी-ऐंशींच्या पुढें गेल्या आहेत. गिरणी आली, जातें अंगणांत पडलें, आणि ओवी त्या आज्यांच्या गळ्यांतच उरली. त्या गेल्या कीं लिहून घ्यावयास कोणी उरणार नाहीं. घरांतल्या शिकत्या मुलीनें एक वही करावी. आजीचें नांव, माहेरचें गांव, ओवी कोणाकडून शिकली तिचें नांव, आणि तारीख. एवढें वर लिहावें, मग ओवी लिहावी. मोबाइल सर्वांच्या हातीं आहे. त्यावर आवाज धरून ठेवावा. ज्या घरांत बँड, ढोल, संबळ वा भजनाचा धंदा आहे, तेथें प्रत्येक सुपारीची नोंद, मिळालेला पैसा आणि केलेला करार एका फायलींत लावावा. पुढें जो कोणी अभ्यास करील त्याला ती फाइल सोन्यासारखी, आणि पुढें जो कोणी फसवूं पाहील त्याला ती काठीसारखी.

येत्या अखाजीला मालेगांव-बागलाणच्या लेंकी माहेरीं येतील, झोक्यावर बसतील, गौराईचीं गाणीं म्हणतील. त्या झोक्याशेजारीं एक वही आणि एक पेन्सिल ठेवा.